इटलीची बाटली

वडूजच्या मोटारथांब्यावर मनुबाई ताकाचं मडकं घेऊन बसली होती. पाठीमागं दोन गडी बोलत होते. एकाच्या अंगात अजून पलटणीचा कोट होता.

“सिद्धू, सांजच्याला अंगणात घोंगडी टाकतो. सगळी दोस्तमंडळी येत्यात. इटलीतनं वाईनची बाटली आणलीया, खास तुज्यासाठी.”

“येतो की. पर पिणार न्हाई, जोतीराम.”

“तू? आन् पिणार न्हाईस?”

“यमाईला नवस बोललोय. जलमभर शिवणार न्हाई.”

“कशापायी रं?”

“लढाईवर गेलेलं एक गाढव जित्तं परत यावं म्हणून.”



“आलं की रं गाढव.”

“मग आता देवीला फसवू व्हय?”

“बरं. बाटली बाकीच्यांस्नी. आपुन दोघं ताक पिऊ.”

मनुबाईनं मडक्यावरचं फडकं सोडलं.

“सांजंपतोर कशाला थांबताय रं? धरा ओंजळी.”