सन्मान सासऱ्यांचा, खुर्ची जावयाला

...आणि वर मलाच म्हणतात, तुम्ही फार संशयी! मी संशयी? अहो, तुम्हाला सांगतो, विमा कंपनीत मृत्यूचे दावे तपासण्यात हयात गेली माझी. मेलेला माणूस खरोखर मेलाय का, हे बघायचाच पगार होता मला! एकदा एका मयताच्या घरी गेलो, तर दार मयतानंच उघडलं. वर मलाच विचारतो, 'कोण पाहिजे?' आता अशा माणसाला डोंगरातला एक हॉटेलवाला गळ्यात पडून म्हणाला, 'चहा आमच्याकडून,' तर त्यानं काय म्हणायचं? पाणी मुरतंय! कुठंतरी पाणी मुरतंय!

त्याचं असं झालं... माझे सासरे लष्करात कॅप्टन. ऐन तरुणपणी त्या डोंगरात लढलेले. तिथल्या खिंडीत त्यांचा जिवलग दोस्त पडला. ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लांब्या म्हणायचे. खिंडीत त्याच्या नावाचा दगड आहे. पण इतक्या वर्षांत हे एकदाही तिकडं फिरकले नाहीत. विषय निघाला की उठून आतल्या खोलीत. आणि गेल्या वर्षी, काही नाही काही नाही, जेवता जेवता एकदम म्हणतात, 'जावईबापू, गुडघे आहेत तोवर लांब्याच्या शेजारी जरा उभं राहायचंय मला.' बायकोच्या डोळ्यांत पाणी. मीही विरघळलो, खोटं कशाला बोलू? म्हटलं, 'बाबा, तिथल्या स्मारक समितीला मी कळवतो.' तर म्हणाले, 'नको. मी कळवलंय. मोबाइलवरनं.' ज्या माणसाला मोबाइल डोळ्यांसमोर नको, त्यानं स्वतः टाइप केलं! तेव्हाच मी ओळखायला हवं होतं...

पोचलो, मी आणि सासरे दोघंच. हॉटेलचा मालक तोच समितीचा सेक्रेटरी. धावत आला, सासऱ्यांना ओलांडून पुढं आला आणि माझेच दोन्ही हात धरले! 'तुम्ही आलात, फार बरं वाटलं. धीरानं घ्या.' धीरानं? आता घाटात मला उलट्या झाल्या, हे ह्याला कुणी सांगितलं? मी म्हटलं, 'आता बरंय.' तर हा पाठ थोपटतो. आणि सासऱ्यांना काय म्हणाला? 'काका, बॅगा जिन्याखाली ठेवा!' कॅप्टनला! मी म्हटलं, झालं, आता होतोय भडका. घरी चमचा डावीकडं ठेवला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस... तर ह्यांनी मुकाट्यानं बॅगा उचलल्या आणि चालायला लागले! अख्खा डोंगर दिसणारी खोली मला, जिन्याखालची त्यांना! पाणी मुरतंय की नाही, तुम्हीच सांगा!

सकाळी नाश्त्याला बसलोय, सासरे खिंडीकडं फिरायला गेलेले. तेवढ्यात समितीतल्या एक बाई समोर येऊन बसल्या. मऊ आवाजात म्हणतात, 'कसे गेले हो?'

म्हटलं, 'चालत.'

'अगंबाई! शेवटी त्रास नाही ना झाला?'

'शेवटी चढ आहे ना, थोडा दम लागणारच.'

बाईंनी रुमाल काढला. 'भाग्यवान हो! चालता-बोलता गेले!'

अहो, फिरायला जाण्यात भाग्य कसलं? डॉक्टरनंच सांगितलंय!

मग खिंडीत समारंभ. पहिल्या रांगेत पांढरी खोळ घातलेली खुर्ची... कुणाला? मला! मी वळून हाक मारली, 'बाबा, इथं या, बसा!' तर मागनं नुसते डोळे वटारले. दबक्या आवाजात म्हणाले, 'बसा गप. हुकूम आहे!' बसलो. बिगुल वाजला, सगळे स्तब्ध उभे राहिले. मी आपला एक डोळा किलकिला करून बघतोय, कोण काय करतंय, धंद्याची सवय. तर सगळ्यांच्या मागं सासरे, ताठ, पाय जुळवलेले, हनुवटी वर. हे गुडघे घरी जिना चढताना कुठं असतात हो?

मग पडदा सरकवला. लांब्याच्या दगडाशेजारी नवी शिळा. त्यावर त्याच तुकडीतली नावं. सगळ्यात अलीकडं, अगदी लांब्याला लागून, सासऱ्यांचं नाव! माझी छाती फुगली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नावाआधी होतं... कै.!

कॅप्टनचं कॅ. नव्हे हो! कैलासवासीचं कै.! शिळाच मुळी तुकडीतल्या वारलेल्यांची! डोक्यावरचा अर्धचंद्र गेला, दोन मात्रा आल्या, आणि माझे सासरे वारले! म्हणून हात धरणं, म्हणून रुमाल, म्हणून खुर्ची! मी ताडकन उठलो, 'अहो, थांबा, हा माणूस...' तर सेक्रेटरीनं मला छातीशी धरलं. 'रडा. मोकळे व्हा. तुमच्याकडनं आलं तसंच कोरलंय, अक्षर न अक्षर!'

कसाबसा सुटलो, सासऱ्यांपाशी गेलो. 'बाबा, मी आत्ताच्या आत्ता दुरुस्त करायला लावतो!'

त्यांनी दगडावर हात ठेवला होता. म्हणाले, 'लांब्या त्या दिवशी म्हणाला होता, मी पुढं होतो, तू मागनं ये. फार उशीर लावला हो मी. राहू द्या.'

भरून आलं मला. सेक्रेटरीच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडलो, हमसून हमसून. तो म्हणतो, 'आता कसं बरं वाटेल!'

परतीच्या वाटेवर टपरीशी थांबलो. तिथं पाटी, 'चहा-नाष्टा'. सासरे कडाडले, 'ए! नाष्टा नव्हे, नाश्ता! श पोटफोड्या नव्हे, शहामृगातला!' खडू मागून पाटी दुरुस्त केली, तेव्हा कुठं चहाला तोंड लावलं. आणि माझा कप तसाच हातात राहिला. रोजचं वर्तमानपत्र लाल पेनानं सुधारून मग वाचणारा हा माणूस... हा कॅ.चं कै. चुकून करेल? आयुष्यभर खोटे मयत पकडले मी, आणि घरचा मयत शेजारी बसून बिस्कीट बुडवत होता!

आता समितीचं आमंत्रण आलंय. 'स्मृतिदिनाला यंदाही अवश्य या. त्या काकांनाही आणा, फार छान उभे राहतात.' जावंच लागणार, न जाऊन सांगतो कुणाला? सासरे कधीचे बॅग भरून दारात बसलेत. म्हणतात, 'चला जावईबापू, स्वतःच्या स्मृतिदिनाला तरी उशीर नको!'