उजवा डोळा

(सकाळची वेळ. अवजारं दुरुस्तीचं दुकान. काउंटरवर झाडं कापायची साखळीची करवत उघडून ठेवलेली; साखळी जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी बाजूला काढलेली. आतल्या बाजूला मिस्त्री; समोर झाडं तोडणारे दादा आणि त्यांची बायको, जिला मिस्त्री वहिनी म्हणतो.)

मिस्त्री : नाही दादा, ही चोवीस इंची पट्टी या इंजिनाला मी परत लावणार नाही. हवं तर दुसऱ्या कुणाकडून लावून घ्या.

दादा : अरे, इतके दिवस चालली की.

मिस्त्री : चालली नाही, रखडली. एवढंसं इंजिन. चौदाची, फार तर सोळाची पट्टी ओढेल. चोवीसला दुप्पट ताकदीचं मशीन लागतं. टोकापर्यंत तेल पोचत नाही, साखळी तापते, धार जाते. मग माणूस अंगाचा जोर लावतो, आणि एक दिवस ते उसळतं.

वहिनी : उसळलं की. बघताय ना यांच्याकडे.

दादा : मशीन नाही लागलं मला. ढलपी लागली.

वहिनी : आणि ती का लागली? तोंडावरची जाळी वर सरकवून ठेवली होती. घामानं दिसत नाही म्हणे.

दादा : वादळात पडलेलं झाड, रस्ता अडलेला, माणसं भोवती घाई करतायत. एका कापात ओंडका सुटावा म्हणून लांब पट्टी चढवली. झालं ते झालं. डावा गेला, उजवा आहे. नेम धरायला माणूस एक डोळा मिटतोच. माझा कायमचा मिटलाय, एवढंच.

मिस्त्री : बोलण्यात तुम्हाला कोण हरवणार! बरं वहिनी, फोनवर तुम्ही लहान मशीनचं विचारत होतात. ते कुणासाठी?

वहिनी : माझ्यासाठी.

दादा : हिचं आपलं काहीतरीच.

वहिनी : काहीतरीच काय त्यात? लग्न झाल्यापासून यांच्या झाडाखाली दोरी धरून उभी आहे. कुठली फांदी कुठे येणार, ते यांच्याआधी मला कळतं. वर चढायचं माझ्याच्यानं होणार नाही. पण खाली पडलेलं कापीन.

मिस्त्री : मग हलकं मशीन आणि बाराची पट्टी पुरे. पट्टीपेक्षा ओंडका जाड असला तर दोन्ही बाजूंनी कापायचा. पट्टीचं टोक लाकडात खुपसायचं नाही. आणि जाळीच्या आत चष्मा हवाच. जाळी ढलपी अडवते, भुसा आत येतोच.

दादा : बारानं काय होणार? माझी सोळाची तुझ्याकडे पडून आहे ना, ती माझ्या मशीनला लाव. मी कापतो, ही दोरी धरेल. चाललंय तसं चालू दे.

मिस्त्री : बघा, दोन पट्ट्या ठेवल्यात समोर. लाल खूण केलेली तुमची.

दादा : ही. लाल खूण आहे की.

वहिनी : अहो, लाल खूण दुसरीवर आहे.

दादा : गंमत केली गं.

मिस्त्री : दादा, जरा माझ्याकडे बघा. माझ्या हातात काय आहे?

वहिनी : नको, मिस्त्री. नका विचारू त्यांना. अहो, कधीपासून?

दादा : थंडी सरली तेव्हापासून. आधी कडेनं धूर आल्यासारखं व्हायचं. आता मधेही.

वहिनी : डॉक्टरांनी बजावलं होतं, चांगला डोळा लाल झाला, अंधुक झाला, तर त्याच दिवशी या. एकाचं दुखणं दुसऱ्यात उतरतं म्हणाले. मी तिथेच उभी होते.

दादा : मीही होतो.

वहिनी : मग?

दादा : तुला सांगितलं असतं तर झाडावर चढू दिलं नसतंस.

वहिनी : म्हणजे शाळेमागचं ते झाड... तेव्हा तुम्ही असेच वर होतात?

दादा : हं.

वहिनी : आणि मी खाली. ती फांदी माझा खांदा सोलून गेली. तुम्ही म्हणालात, वारा आला.

दादा : म्हणालो.

वहिनी : पान हलत नव्हतं त्या दिवशी. मला वाटलं, माझंच चुकलं. कुठे उभं राहायला हवं होतं, तेच घोकत बसले होते मी.

दादा : तू ओरडलीस तेव्हा कळलं मला, तू तिथे आहेस. खाली कसा उतरलो, माझं मला ठाऊक. त्यानंतर मशीनला हात लावलेला नाही.

वहिनी : आज दुरुस्तीला घेऊन आलात की.

दादा : आलो. घरी बसून भिंतीकडे बघावं, तर भिंतसुद्धा धड दिसेना. म्हटलं, निदान याचा आवाज तरी ऐकावा.

मिस्त्री : वहिनी, मी गाडी काढतो. डोळ्यांचा दवाखाना गाठू आधी.

वहिनी : उपयोग होईल आता?

मिस्त्री : मला मशीनमधलं कळतं. पण चला.

दादा : दुकान उघडं टाकून कुठे येतोस? आम्ही जाऊ रिक्षानं.

वहिनी : येऊ देत त्यांना. भांडायचं ते मी घरी भांडेन, आणि चांगलं भांडेन. आता उठा. मिस्त्री, तो चष्मा काढून ठेवा माझ्यासाठी. मशीन आलं की नेईन.

दादा : नुसता काढून काय ठेवायचा? इकडे ये. चढव डोळ्यांवर. हलू नकोस. हे बघ, कानशिलापाशी फट राहिली, माझं बोट जातंय. भुसा इथूनच शिरतो. याहून लहान दे रे.

मिस्त्री : हा घ्या.

दादा : हां, हा बसला. नीट दिसतं ना?

वहिनी : दिसतं. चला, हात धरा. पायरी आहे.

दादा : पायरी माहीत आहे मला.

वहिनी : माहीत आहे हो. तरी धरा.