ब्राम बाहेर राहिला त्या दुपारी

नाही नाही, कडेनं नाही—पोटाखाली हात घाला, पलीकडून मी धरतो. चाळीस किलोची आहे त्रूस. थांबा, एवढ्यात उचलायचं नाही, आधी तुमची गाडी आतून तापू दे. वाळवंटातलं मोठं कासव हे, बागेतल्या लहान कासवांसारखं थंडीभर झोपून राहणं याला जमत नाही. बसा त्या गवताच्या पेंढीवर. फ्राउक्ये कॉफी करतेय—माझी बायको, फोनवर बोललात ना तिच्याशीच—ती मुद्दामच वेळ लावणार. बावीस वर्षं सांभाळलंय तिनं, तिला हे बघवायचं नाही.

का देतोय? वय झालं म्हणून. काय म्हणाली तुम्हाला—हातांचा भरवसा राहिला नाही? हां. सगळ्यांना तेच सांगते. हात धडधाकट आहेत हो तिचे. ते ब्राम गेल्यापासूनचं आहे. दोघं असायची इथं, या शेडमध्ये, त्रूस आणि ब्राम. मागच्या मार्चमध्ये ब्राम गेला. नाकातून बुडबुडे यायला लागले, डॉक्टर म्हणाले, थंडी फुप्फुसात उतरलीय, हीटर नीट चालू होता ना? तर फ्राउक्येनं माझ्याकडे पाहिलं—हीटरचं बटण नवीन बसवलेलं, आकडे बारीक, तिनंच लावलेलं—म्हणाली, "विब्रन, माझ्याकडून कमी राहिलं असेल का रे?" आणि मी म्हटलं, असेल.

असं काय बघता? राहिलंही असेल. माणूस आहे, चुकतं.

नव्हतं राहिलं. ठाऊक आहे मला.

फेब्रुवारीत कालवा गोठला होता, कितीतरी वर्षांनी—तुम्ही मूळच्या इकडच्याच, त्या दिवशी गाव घरात थांबतं का? फ्राउक्ये बहिणीकडे गेली होती, लेउवार्डनला. मी इथली घाण काढायला दार उघडं टाकलं, तर ब्राम हळूहळू बाहेर आला नि भिंतीपाशी उन्हात बसला. म्हटलं, बस दोन मिनिटं. तेवढ्यात शेजारचा डाउवे कुंपणावरून म्हणतो, "पुलापर्यंत बर्फ पक्का झालाय, येतोस की म्हातारा झालास?" मी दार ओढून घेतलं, स्केट्स खांद्यावर टाकले नि निघालो. आत किती आहेत, पाहिलं नाही. दोनच तर होती, मोजायला किती वेळ लागतो? आणि खरं सांगू, ती दुपार—गुडघे विसरलो होतो मी, बर्फावर उभं राहून वाटाण्याचं सूप प्यालो, पोरींसारखे हसत होतो दोघं म्हातारे. एकदाही आठवण आली नाही. एकदाही.

पाचाला परत आलो तर ब्राम दाराशी. फळीला डोकं टेकून. पुढच्या पायांनी फळी खरवडून काढलेली, किती वेळ खरवडत होता कोण जाणे. हातगाडीत घालून आत आणला, कोमट पाण्यात ठेवला, दिव्याखाली घेतला. दोन दिवसांनी खायलाही लागला. म्हटलं, निभावलं, आता हिला कशाला सांगा? फळी तेवढी रंगवून टाकली. मग तीन आठवड्यांनी डॉक्टर.

तेव्हापासून दिवसातून पाच-सहा वेळा येते इथं, चष्मा लावून आकडे बघते, मग मला म्हणते, तूही बघ. गेल्या आठवड्यात जेवता जेवता म्हणाली, "ही तरी माझ्या हातून मरायला नको." म्हणून तुम्हाला फोन.

सांगणार आहे की. आज संध्याकाळीच—त्रूस एकदा गेली की. काय? हो, बरोबर आहे तुमचं, मग सांगून काय उपयोग? आता सांगितलं तर ती हिला देणारच नाही. तुम्ही रिकाम्या गाडीनं परत गेलात तर चालेल? खरंच चालेल? एवढ्या लांबून आलात... बरं. सांगतो. आली की लगेच सांगतो, तुमच्यासमोरच, म्हणजे मला मागे फिरता—

ये, फ्राउक्ये. ट्रे दे इकडे, पायरी निसरडी आहे. काही नाही गं, ब्रामचंच बोलत होतो.

काय म्हणतेस?

हो. सांगितलं मी त्यांना. बटण तुझ्याकडून कमी राहिलं होतं म्हणून. त्या नीट काळजी घेतील, तू नको आता जिवाला लावून घेऊस.

कॉफी राहू द्या, बाई. गाडी तापली असेल. धरा तिकडून.