थांबा, टाके मोजतेय!

...आणि वर मलाच म्हणते, "तुम्हाला मेला कसला छंदच नाही!" आता तुम्हीच सांगा, जन्मभर कारकुनी करून नुकत्याच घरी बसलेल्या माणसाला दुपारच्या झोपेत एक स्वप्न पडतं आणि ते बायकोला सांगावंसं वाटतं, हा छंद नाही तर काय आहे हो? आणि स्वप्न तरी कसलं! शांत तळं, होडीत आम्ही दोघंच, वल्ही कोणी मारत नाहीये तरी होडी आपली चाललीय, आणि आमची ही एक हात पाण्यात सोडून माझ्याशी काहीतरी बोलतेय... जागा झालो तो तडक बाहेरच्या खोलीत. ही खिडकीपाशी, मांडीवर निळी लोकर. म्हटलं, "अगं ऐक ना, आज तू माझ्या स्वप्नात..." मान वर न करता म्हणते, "थांबा, टाके मोजतेय!"

थांबलो. पण स्वप्न थांबतं का? तिची ओळ संपेस्तोवर होडीचा रंग उडाला. संध्याकाळी पुन्हा गेलो. "थांबा, टाके मोजतेय!" तळं आटलं! उरला तेवढा तिचा पाण्यातला हात, तो मी डोळे मिटून धरून ठेवला. तो गेला की संपलंच ना सगळं!

मग ठरवलं, आपणही विणायचं, तिच्या शेजारी बसूनच विणायचं, बघू कशी बोलत नाही ते! लोकरीच्या दुकानात गेलो, तर दुकानवाल्या बाई विचारतात, "काका, एक सुई की दोन?" म्हणजे काय बुवा? "अहो, क्रोशा की विणकाम? दोन सुयांचं कसं असतं, अख्खी ओळ सुईवर लटकलेली, सुई निसटली की घरंगळले टाके. क्रोशाला एकच फास सांभाळायचा. केव्हाही खाली ठेवा, दार उघडा, गप्पा मारा..." गप्पा! त्यापुढचं मला ऐकूच आलं नाही. फळीवरची ती मऊ मऊ लोकर, पिवळी, जांभळी, आणि त्यातून आमची होडी निघालीय... "काका, झोपलात का?"

घेतला क्रोशा! तिच्या शेजारी खुर्ची टाकली, पिवळा मफलर सुरू केला. काय सुख आहे सांगू! फासातून फास, फासातून फास, ऊन पायावर, डोळे अर्धे मिटलेले... मोजायचं नावच नाही! मोजत बसायला आपण काय कारकून आहोत? होतो, पण आता नाही ना! आणि मफलर बघतो तर काय, अरुंद, आणखी अरुंद, शेवटी टोक! विणायला घेतला मफलर, निघाली पताका!

हिने पाहिलं मात्र, आणि तुम्हाला सांगतो, ओळ अर्धी टाकून सुया खाली ठेवल्या हो! एक सुई निसटली, टाके घरंगळले, तिने ढुंकून पाहिलं नाही. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "अहो, दर ओळीचा शेवटचा टाका सोडताय तुम्ही! उसवा आधी. आणि आता प्रत्येक ओळ मोजायची!" खुर्ची जवळ ओढली, माझा हात हातात धरून शिकवलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आणि मग मी मोजायला लागलो.

खोली शांत, ऊन जमिनीवर उतरलेलं, तिच्या हातात काही म्हणजे काही नाही. आणि अगदी हळू आवाजात विचारते, "अहो, त्या दिवशी मी स्वप्नात आले होते म्हणालात ना... काय बोलत होते हो मी?" या क्षणासाठी केला होता ना सगळा अट्टहास? आणि या तोंडातून काय निघावं?

"थांब, टाके मोजतोय!"

ओळ संपवून बघतो, तर बाईसाहेब झोपल्यात. एक हात खुर्चीबाहेर लोंबतोय, बोटं हळूहळू हलतायत, पाण्यात सोडल्यासारखी... कुठल्या तळ्यावर पोचलीय कोण जाणे! उठली की सांगायला येईल मला, नक्की येईल. आणि नेमका तेव्हा मी ओळीच्या मध्यावर असणार, बघा तुम्ही!