तो बडग्या गुलाबरावांनी केला नव्हता

अध्यक्षमहाराज, जानकीबाई, आणि या चौकात सतरंज्यांवर दाटीने बसलेल्या गिरणीतल्या बंधुभगिनींनो,

गुलाबराव सोरत्यांविषयी भूतकाळात बोलणे मला जड जात आहे. भिंतीला भिंत लावून आम्ही राहिलो. त्यांच्या खोकल्यावरून मला पहाट झाल्याचे कळत असे. मी निवृत्त शिक्षक. जन्मभर इतरांची वाक्ये दुरुस्त केली. शोकसभेत तेच करावे लागेल असे वाटले नव्हते. परंतु माझ्या आधी आपले कामगारनेते श्री. दौलतराव निखाडे बोलले, आणि त्यांची चूक इथेच दुरुस्त केली नाही, तर ती वर्तमानपत्रातून थेट न्यायालयात जाईल.

दौलतराव म्हणाले, "मॅनेजरसाहेबांचा बडग्या गुलाबरावांनी स्वतःच्या हातांनी केला, छातीठोकपणे केला." आपण टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत, हे बाजूला ठेवू. पण कशासाठी वाजवल्या? गुलाबरावांनी कामगार न्यायालयात शपथेवर सांगितले होते, तो बडग्या मी केलेला नाही. म्हणजे आज त्यांना शपथेवर खोटे बोलणारा ठरवले गेले, आणि त्याला आपण गौरव समजलो.

पुण्याहून आलेले वार्ताहर समोर आहेत, म्हणून सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची, म्हणजे इडापिडेच्या मोठ्या पुतळीची, मिरवणूक निघते. तिच्याबरोबर बडगे निघतात. ज्याने लोकांना छळले, त्याचा बांबू-कागदाचा पुतळा करायचा, इतवारीतून मिरवायचा आणि गावाबाहेर नेऊन जाळायचा. गुलाबराव दर वर्षी बडग्या करीत. त्या वर्षी त्यांनी महागाईचा केला होता. गळ्यात घासलेटचा रिकामा डबा अडकवलेला. दुसरा एक बडग्या गिरणीच्या मॅनेजरचा निघाला. तो कोणी केला, हे कोणी सांगेना. मॅनेजरसाहेबांनी एवढेच विचारले, की गिरणीत बडगे कोण करतो? सगळ्यांनी खरे तेच सांगितले. गुलाबराव करतात.

एवढ्यावर माणूस बडतर्फ झाला! चौकशी अधिकारी गिरणीचा, साक्षीदार गिरणीचे, आणि निकाल आधीच ठरलेला.

गुलाबराव न्यायालयात गेले. संघटनेने अखेरपर्यंत वकील दिला, असे दौलतराव म्हणाले. वकील दोन तारखांना आला. पुढे गुलाबराव स्वतःच उभे राहिले आणि मागच्या बाकावर मी बसलो. गिरणीच्या वकिलाने त्यांना खिजवले, "सोरते, इतका हुबेहूब चेहरा नागपुरात दुसरं कोण काढतं?"

गुलाबराव म्हणाले, "हुबेहूब कुठं होता जी? नाक पार चुकलं होतं. म्या केला असता तर साहेबाचं नाक चुकलं नसतं."

न्यायाधीशही हसले. गिरणीचा वकील मात्र हसला नाही. त्याने भर न्यायालयात सांगितले, "ज्याने केला त्याचे नाव सांगा आणि उद्या कामावर या." गुलाबराव उत्तरले, "म्या नाही केला, हे माह्यं सांगणं. दुसऱ्याचं त्यानं सांगावं."

एक नाव, मित्रहो. एका नावावर त्यांना विणाई खात्यातला आपला साचा, म्हणजे माग, परत मिळत होता. त्याऐवजी ते वाडीच्या गोदामात ताडपत्र्या शिवत राहिले. जानकीबाई चिडून म्हणत, "नाव सांगाले का दातखीळ बसली जी तुमची? पोरीचं लगन दिसत नाही?" भिंतीपलीकडून मला ऐकू येई. "गप वं जानके," एवढेच उत्तर. एकदा मीही विचारले. म्हणाले, "गुरुजी, ज्यानं केला त्याच्या घरी तवा बाई पोटुशी होती. त्याची चूल इझवून माही पेटवू का?"

नाव त्यांनी मलाही सांगितले नाही. मी अंदाज केला नाही. अंदाजावर माणसाला दोषी ठरवणे हे गिरणीचे काम, माझे नव्हे.

परंतु आज दौलतराव रंगात येऊन म्हणाले, "लोकं समजत तणस भरलं हाय. तणस नव्हतंच! पोटात कताई खात्यातला सुताचा कचरा कोंबला होता. म्हणून तर असा भडकला!"

दौलतराव, गिरणीच्या आरोपपत्रात तणस, म्हणजे भाताचा पेंढा, लिहिले आहे. प्रत्येक साक्षीदाराने तणस सांगितले. तो बडग्या त्याच दिवशी जळून राख झाला. त्याचे पोट कोणी उघडून पाहिले नाही. त्या वेळी कताई खात्यात गुलाबराव नव्हते, आपण होता. मग पोटात काय होते, हे आपल्याला कसे ठाऊक?

उत्तर मला नको. जानकीबाईंना द्या. गिरणीने उच्च न्यायालयात केलेल्या अपिलात आता वारस म्हणून त्यांचे नाव लागायचे आहे. "कामगारनेत्यानेच जाहीर कबूल केले, बडग्या सोरत्यांनीच केला," हे वाक्य गिरणीच्या वकिलाच्या हाती आपण आज आयते दिले आहे.

आपल्या भाषणातला कालक्रमही सुधारतो. वार्ताहरांनी लिहून घ्यावा.

बडग्या पोळ्याच्या दिवशी निघाला, असे आपण म्हणालात. तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघाला.

बडतर्फी दसऱ्यानंतर, चौकशी पूर्ण झाल्यावर झाली, असे म्हणालात. बडतर्फीचा आदेश सर्वपित्री अमावास्येला हाती पडला. दसऱ्यानंतर संपली ती चौकशी.

कामगार न्यायालयात तडजोड झाली, असे म्हणालात. तडजोड झाली नाही. गेल्या वर्षी अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी निकाल लागला, आणि तो गुलाबरावांच्या बाजूने लागला. धुतलेला सदरा घालून ते गिरणीच्या फाटकावर गेले. फाटक उघडले नाही. आतून स्थगितीचा कागद तेवढा बाहेर आला.

ते शनिवारी रात्री गेले, असे म्हणालात. ते रविवारी पहाटे गेले. त्या पहाटे मला खोकला ऐकू आला नाही, म्हणून मीच दार वाजवले.

उच्च न्यायालयातली पुढची तारीख आपण सांगितलीच नाहीत. ती दिवाळीच्या सुटीनंतरच्या पहिल्या सोमवारी आहे.

आता आपण सर्वांनी उभे राहून गुलाबरावांसाठी मौन पाळावे. दौलतराव, आपण बसून राहिलात तरी चालेल. आपले मौन त्या पोळ्यापासून सुरूच आहे. ते त्या सोमवारी सोडा.