विकतची आजी

...आणि मला म्हणे रंगसंगती कळत नाही! तुम्हाला सांगते, माझ्या वेबसाइटला नावं ठेवण्याआधी त्या डिझायनरने एकदा तरी विचारायचं, ही केली कुणी? मी केली. वेताच्या खुर्च्या विणणारी बाई मी, विणायला कुणी शिकवलं नाही, कॉम्प्युटरही कुणी शिकवला नाही, चष्मा चढवला, एकेक बटण दाबत गेले, चुकलं की पुसलं, आणि हिरव्यागार रंगावर पिवळी अक्षरं अशी उमटली की रस्त्यापलीकडून वाचावीत. वर माझा फोटो, मांडीवर उलटी खुर्ची, दातांत वेत अडकवायच्या खुंट्या. खाली स्वच्छ लिहिलेलं, 'घासाघीस करणाऱ्यांनी प्लास्टिकची घ्यावी.' काय वाईट होती हो माझी वेबसाइट?

पण लेकाला लाज वाटली. तो दूरच्या शहरात, तिथूनच त्याने डिझायनर ठरवला. वर मला विचारतो, आई, तुझ्या खुर्च्या मी विणतो का? म्हणजे वेबसाइटही मी करू नये!

डिझायनर आला. गुळगुळीत, हळू बोलणारा. दुकानभर खुर्च्या, पण बसला एकीवरही नाही. म्हणाला, पानावर मोकळी जागा हवी, पानाला श्वास घेऊ द्या. घेऊ दे बाबा! अक्षरं करडी झाली, मुंगीएवढी झाली, घासाघीस गेली आणि तिथे आलं 'परंपरेची ऊब'. ऊब? अहो, वेत पाण्यात भिजवून ओलाच विणतात, थंडीत बोटं बधिर होतात माझी!

तेही गिळलं. पण माझा फोटो? त्या जागी दुसरीच बाई. निळं स्वेटर, कापसासारखे केस, गालाला खळी आणि हातात टोपली. टोपली! डिझायनरला फोन करून विचारलं, ही कोण? तर म्हणे, "विकत घेतलीय. तुमचा फोटो जरा कडक येतो, आजी." इंटरनेटवर मिळतात म्हणे तयार आज्या, हव्या त्या स्वेटरात. लेक म्हणाला, सजावट आहे गं, कोण बघतंय?

कोण बघतंय... माझी नात बघत होती.

तान्ही असताना मांडीवर घेतलेली, त्यानंतर भेट नाही. तो व्हिडिओ कॉल मला पटत नाही, फोन मी कानालाच लावते, म्हणजे पोरीला दिसायचा माझा कान. म्हणून लेक मोठ्या कौतुकाने वेबसाइट दाखवायचा, बघ, आजीचं दुकान. आणि पोरगी रोज झोपताना त्या खळीवालीचा पापा घ्यायची. मला काय माहीत! माझी वेबसाइट राहिली असती तर... काय वाईट होती हो?

परवा आले सगळे. तिच्या मापाची खुर्ची विणून ठेवली होती मी. आत आली, मला बघितलं, माझ्या मागे बघितलं आणि म्हणाली, "आजी कुठेय?"

लेकाचा चेहरा पडला. "अगं, हीच आजी." पोरीने त्याच्या खिशातून फोन ओढला, फोटो बघितला, मला बघितलं, आणि ओठ काढला... रडली हो, आपल्याला फसवतायत म्हणून. मी हसून दाखवलं तर भोकाडच पसरलं.

मग म्हटलं, "आजी बाहेर गेलीय, बाळा. मी इथे काम करते."

लगेच गप्प. डोळे पुसून त्या खुर्चीत बसली, ती निघेपर्यंत माझ्या शेजारून हलली नाही. एकेक खुंटी हातात द्यायची. मावशी म्हणायची मला. मावशी! माझ्या लेकाची मुलगी, मला! लेक मान खाली घालून वेताचे तुकडे गोळा करत होता. तो एवढंच म्हणाला, बदलून घेतो फोटो. म्हटलं, राहू दे आता. तिची आजी कुठे घालवतोस?

निघताना गळ्यात पडली, कानात म्हणाली, "मावशी, आजी आली की तिला सांग, मी आले होते."

सांगते म्हटलं. आणि मी शब्द पाळते. गाडी वळल्यावर आत आले, कॉम्प्युटर लावला, त्या निळ्या स्वेटरवालीला म्हटलं, "अहो, तुमची नात येऊन गेली."

हसली. तिला काय हो, हसायचे पैसे मिळालेत.