सासूबाईंचा गुडघ्याचा पट्टा

...आणि वर मीच त्यांना म्हणालो, "आई, तुम्ही खोलीबाहेर बसा." लाज वाटते हो सांगायला, पण आता तोंड उघडलंच आहे तर ऐका. सासरे गेले, त्यांचा आवाज उरला तो फक्त एका हार्ड डिस्कमध्ये, आणि सासूबाईंचं म्हणणं एवढंच, की एकदा ऐकवा. आता घरात कॉम्प्युटरमधलं कळतं कुणाला? मला. म्हणजे तसं मीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

ती डिस्क जुनी, विटेएवढी, लॅपटॉपच्या वायरवर तिचं भागत नाही, भिंतीतून वेगळी वीज लागते. लावली. दिवा लागला, घरघर सुरू झाली, फाइली दिसल्या... मी धावत बाहेर, "आई, चला, सापडला बाबांचा आवाज." त्या बिचाऱ्या चष्मा सावरत आल्या, आणि बघतो तर दिवा गेलेला, डिस्क थंडगार. त्या गेल्या की मी वायरी उपटतो, फुंकर मारतो, दिसेल ते बटण खालीवर करतो, की ही बया पुन्हा सुरू. बोलवून आणतो, की बंद. वायर बदलली, अडॅप्टर बदलला, लॅपटॉपला नाही नाही ते बोललो. बायको म्हणाली, "अहो, दुकानात दाखवू या का?" मी म्हटलं, "त्यांना काय कळतंय?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी एकटा असलो की चालते, सासूबाई आल्या की बंद पडते, म्हणजे दोष कुणाचा? लाज वाटते हो सांगायला... मी चक्क म्हणालो, "आई, तुमच्या गुडघ्याच्या पट्ट्यात लोहचुंबक आहे ना, डिस्कला ते सोसत नाही." त्यांनी मुकाट्याने पट्टा सोडला, भिंतीला धरून लंगडत आल्या, आणि डिस्क तरीही बंद. म्हणून मग ते खोलीबाहेर बसा. त्या दारासमोर खुर्ची घेऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझ्यामुळे त्यांचा आवाज जाणार असेल, तर राहू द्या. नाही ऐकत मी."

मी आत डिस्क सुरू केली, ऐकू येईल ना विचारायला बाहेर आलो, तर म्हणतात कशा, "जावईबुवा, एक विचारू? बाहेर येताना दाराजवळचं बटण तुम्ही का बंद करता?"

अहो, नियम माझाच. खोलीबाहेर पडताना सगळी बटणं बंद, तसा कागदही मीच चिकटवलाय दारावर. पोरांना ओरडून ओरडून माझ्याच हाताला अशी सवय लागलेली, की तो मला न विचारताच डिस्कच्या प्लगचं बटण पाडत होता. आणि लॅपटॉप बॅटरीवर, त्याला कशाचा पत्ताच नाही.

मग सासूबाईंना आत बसवलं, पट्टा परत बांधून दिला, आणि आवाज आला. बाबांचाच, खोकत खोकत. "हे जावयांकडे दे गं ठेवायला. हुशार माणूस आहे, नीट सांभाळेल." सासूबाई रडायला लागल्या, बायको रडायला लागली, आणि मला, तुम्हाला सांगतो, तिथे बसवेना. उठलो.

तर सासूबाई डोळ्यांवरचा रुमालही न काढता म्हणाल्या, "जायचं तर जा, पण हात खिशात घालून जा."

गेलो. तसाच गेलो.